गॅसवर चालणारी वीज केंद्रं आणि महाराष्ट्राचा वीजपुरवठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उरणचं वायू विद्युत केंद्र आणि गुहागरजवळचा दाभोळ प्रकल्प या दोन्हींविषयी लोक सतत विचारतात. एक चाळीस वर्षं शांतपणे चालत आलं, दुसऱ्यानं राज्याच्या वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. दोन्हींचं इंधन एकाच जातीचं. मग फरक कशानं पडला? इथल्या बहुतेक प्रश्नांची मुळं शेवटी याच प्रश्नात आहेत.

महाराष्ट्रात गॅसवर वीज नेमकी कुठे तयार होते?

मुख्य ठिकाणं तीन. पहिलं रायगड जिल्ह्यातलं उरण. बोकडविरा इथलं, महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचं हे केंद्र ६७२ मेगावॉटचं आहे : १०८ मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइन आणि त्यांच्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच. दुसरं मुंबईतलं ट्रॉम्बे. तिथे टाटा पॉवरचा सात क्रमांकाचा संच गॅसवर चालतो, क्षमता १८० मेगावॉट. तिसरं रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातलं अंजनवेल. तिथला १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प लोकांच्या तोंडी अजून 'दाभोळ' किंवा 'एन्रॉन' असाच आहे, कागदोपत्री तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर.

याशिवाय गुजरातमध्ये सुरतेजवळचं कवास आणि भरूच जिल्ह्यातलं झनोर-गांधार ही एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीची दोन केंद्रं आहेत, प्रत्येकी साधारण ६५० मेगावॉटची. ती पश्चिम विभागातल्या राज्यांसाठी सामाईक म्हणून उभारली गेली.

गॅसवर वीज बनते म्हणजे नेमकं काय होतं?

हवा दाबून तिच्यात गॅस जाळतात. त्या तप्त झोतावर टर्बाइन फिरते आणि तिला जोडलेलं जनित्र वीज देतं. एवढ्यावर थांबलं तर इंधनातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची उष्णता धुराड्यातून जाते. म्हणून ती तप्त हवा एका बॉयलरमधून नेऊन पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरी टर्बाइन फिरवतात. याला कम्बाइंड सायकल म्हणतात. जुन्या संचांची कार्यक्षमता त्यामुळे ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जाते, आजच्या नव्या यंत्रांची ६० टक्क्यांच्या आसपास. उरणचे १२० मेगावॉटचे दोन संच हेच काम करतात. त्यांच्यासाठी वेगळा गॅस जाळावा लागत नाही.

देशाच्या एकूण विजेत गॅसचा वाटा दोन-तीन टक्क्यांवर आला आहे. मग त्याची एवढी चर्चा कशाला?

कारण वीज किती बनवली यापेक्षा ती कोणत्या घटकेला मिळाली, याला मोल आहे. वर्षाची बेरीज पाहून हे कळत नाही.

ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, वीज साठत नाही. मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळावी लागते, आणि जुळते की नाही हे वारंवारतेवरून, म्हणजे वीजप्रवाह सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतो यावरून, दिसतं. ती ५० हर्ट्झच्या अगदी जवळ ठेवायची असते, आपल्याकडचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ असा आहे. दुपारी सौरऊर्जा जोरात असते. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात ती शून्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घराघरात दिवे, पंखे, एसी सुरू होतात. म्हणजे दोन-तीन तासांत हजारो मेगावॉट दुसरीकडून उभे करायचे असतात. शेतीपंप दिवसा सौर विजेवर चालवण्याची योजना जसजशी वाढेल, तसतसा हा संध्याकाळचा चढ आणखी उभा होणार आहे.

थंड पडलेला कोळशाचा संच पेटवून पूर्ण भारावर आणायला बरेच तास जातात, कधी कधी अख्खा दिवस. शिवाय तो ठरावीक मर्यादेखाली चालवता येत नाही. म्हणून संध्याकाळी कोळसा हवा असेल तर त्याला दुपारभरही चालू ठेवावं लागतं, गरज असो वा नसो. उलट गॅस टर्बाइन एकटी चालवली तर अर्ध्या तासाच्या आत पूर्ण भार घेऊ शकते. वाफेच्या संचासह पूर्ण केंद्र उबदार असेल तर दोन-तीन तासांत तयार होतं. संध्याकाळी चार तास चालवून रात्री बंद करता येईल, असं औष्णिक केंद्र हेच.

दुसरी गोष्ट जडत्वाची. टर्बाइन आणि जनित्राचा फिरणारा अवजड लोखंडी गोळा ग्रिडला धक्का बसला तर पहिले काही सेकंद सावरून धरतो. सौर पॅनेलमध्ये असं फिरणारं काही नसतं. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. त्याची कारणं गुंतागुंतीची होती आणि व्होल्टेज आवरता न येणं हे त्यांत मुख्य होतं. पण त्यानंतर स्पेननं ग्रिड स्थिर ठेवायला गॅस केंद्रं जास्त प्रमाणात चालू ठेवली, याची नोंद आपल्याकडच्या नियोजकांनी घ्यायला हवी.

संध्याकाळची मागणी भागवायला कोयना आहे की! मग गॅस कशाला?

कोयना हा महाराष्ट्राचा खरा आधार आहे, यात शंका नाही. जवळपास १,९६० मेगावॉट, आणि काही मिनिटांत चालू होणारी. पण कोयनेचं पाणी मोजून मिळतं. कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. एप्रिल-मेपर्यंत तो कोटा आटत येतो, आणि उन्हाळ्यातली विजेची मागणी तेव्हाच शिगेला असते. त्यातून दुष्काळाचं वर्ष असेल तर सांगली-सोलापूरकडून पूर्वेला पाणी सोडण्याची मागणी येते, आणि ती रास्तच असते. अशा वेळी उरणची प्रत्येक टर्बाइन म्हणजे कोयनेचं तेवढं वाचलेलं पाणी.

ऑक्टोबरचा महिनाही असाच अडचणीचा. वारा पडलेला, ऊन तापलेलं, पावसाळ्यात खाणींत पाणी शिरल्यानं कोळशाचे साठे खालावलेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर कोळशाची जी टंचाई झाली, ती अशाच दिवसांत.

मुंबईच्या दृष्टीनं या केंद्रांचं वेगळं महत्त्व आहे का?

आहे, आणि ते जागेमुळे आहे. मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी ४,००० मेगावॉटच्या वर गेली आहे. शहरात आणि त्याच्या पदराशी निर्मिती त्याहून बरीच कमी. बाकीची वीज कळवा, पडघा, खारघर अशा मोजक्या दारांतून आत येते.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास काय झालं ते मुंबईकर विसरलेले नाहीत. कळवा-पडघा भागातल्या अतिउच्चदाब वाहिन्या एकामागून एक गेल्या, उरलेल्यांवर भार वाढला आणि शहर अंधारात गेलं. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. अशा प्रसंगी मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर जगवायची 'आयलँडिंग' योजना १९८० च्या दशकापासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. शहराच्या आत चालू असलेली निर्मिती आणि मागणी यांतली दरी फार मोठी होती. नंतर खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी पूर्ण झाली, ती फार आधी व्हायला हवी होती.

वाहिन्या वाढवणं हाच मुख्य उपाय, हे मला मान्य आहे. तरी मागणीच्या दाराशी असलेली, कोळशाची राख न टाकणारी, पटकन सुरू होणारी निर्मिती मोडीत काढण्याआधी दहा वेळा विचार व्हावा. ट्रॉम्बे आणि उरण यांची किंमत निव्वळ युनिटच्या दरात करता येत नाही ती यामुळे.

गॅसची वीज महाग का पडते? साधा हिशेब सांगता येईल?

येईल. गॅस 'एमएमबीटीयू' या उष्णतेच्या मापात विकला जातो. चालू स्थितीतल्या जुन्या कम्बाइंड सायकल केंद्रातून एका एमएमबीटीयूपासून अंदाजे १२० युनिट वीज निघते. डॉलर ८५ रुपयांचा धरा.

ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या देशी गॅसला केंद्र सरकारनं दराची कमाल मर्यादा घातलेली आहे. एप्रिल २०२३ मध्ये ती ६.५ डॉलर होती, एप्रिल २०२५ मध्ये ६.७५ डॉलर झाली. या भावात फक्त इंधनाचा खर्च युनिटला पावणेपाच रुपयांच्या घरात जातो. आयात केलेला द्रवरूप गॅस, म्हणजे एलएनजी, १२ डॉलरला मिळाला तर साडेआठ रुपये. यावर गॅस वाहिनीचं भाडं, कर आणि केंद्राचा स्थिर आकार, म्हणजे वीज घेतली नाही तरी द्यावी लागणारी ठरावीक रक्कम, वेगळा. विदर्भात खाणीजवळच्या कोळसा केंद्राचा इंधनखर्च यापुढे कितीतरी कमी असतो.

आता भावाची चंचलता पाहा. २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडच्या काळात, आशियातल्या बाजारात एलएनजी २ डॉलरच्या आसपास विकला गेला. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तोच ५० डॉलरच्याही पुढे गेला. त्या भावात एक युनिट ३५ रुपयांना पडतं. दोन वर्षांत पंचवीसपट फरक पडणाऱ्या इंधनावर रोजची वीज कोणी बांधू नये. अडचणीच्या तासांसाठी मात्र तीच वीज परवडू शकते, कारण त्या तासांत पर्याय असतो तो भारनियमनाचा.

समुद्रातला गॅस तर उरणलाच येतो. मग उरणच्या केंद्राला पुरेसा का मिळत नाही?

१९७४ मध्ये मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र सापडलं. तेलाबरोबर निघणारा गॅस वापरायची सोय नसल्यानं सुरुवातीला त्यातला बराचसा समुद्रातच जाळून टाकला जायचा. तो गॅस उरणला किनाऱ्यावर आणायचा आणि तिथेच वीज बनवायची, या साध्या आणि शहाण्या विचारातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य वीज मंडळानं उरणचं केंद्र उभं केलं. इंधन दाराशी, गिऱ्हाईक खाडीपलीकडे.

पुढे वाटेकरी वाढले. खत कारखाने आले, मग घरगुती पाइप गॅस आणि सीएनजी आले. आज केंद्र सरकारच्या वाटप धोरणात शहरांतल्या पाइप गॅस आणि सीएनजीला देशी गॅसवर पहिला हक्क आहे, वीज त्यामागे. जुन्या क्षेत्रांचं उत्पादनही उतरणीला लागलं. उरण पूर्ण क्षमतेनं चालवायला दिवसाला सुमारे ३५ लाख घनमीटर गॅस लागतो. तेवढा अनेक वर्षं मिळालेला नाही, त्यामुळे केंद्र अर्धवट भारावर चालतं. रिक्षा आणि बस सीएनजीवर गेल्यानं मुंबईची हवा सुधारली, घरात सिलिंडर उचलायचे कष्ट गेले, त्यामुळे या प्राधान्याला सरसकट विरोध करता येणार नाही. पण उरणला उन्हाळ्यातल्या संध्याकाळपुरता तरी गॅसचा हमखास कोटा असावा, अशी मागणी राज्यानं सातत्यानं लावून धरली पाहिजे.

दाभोळचं नेमकं काय झालं?

थोडक्यात सांगता येत नाही, तरी महत्त्वाचे टप्पे असे.

जून १९९२ मध्ये एन्रॉन ही अमेरिकी कंपनी आणि राज्य वीज मंडळ यांच्यात समजुतीचा करार झाला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला. १९९५ ला राज्यात सत्ताबदल झाला आणि युती सरकारनं ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला. काही महिन्यांत फेरवाटाघाटी होऊन तो परत आला, आणि आकारानं मोठा होऊन आला. पहिल्या टप्प्यातले ७४० मेगावॉट मे १९९९ मध्ये सुरू झाले. दोन्ही टप्पे मिळून २,१८४ मेगावॉटची योजना होती.

खरी मेख करारात होती. वीज घ्या वा न घ्या, ठरलेला स्थिर आकार द्यायचाच. दर डॉलरशी आणि आंतरराष्ट्रीय इंधनाच्या भावाशी बांधलेला. म्हणजे रुपया घसरला, तेल महागलं किंवा मागणी कमी पडली, तरी तिन्हींचा बोजा मंडळावर. पुण्याच्या 'प्रयास' गटानं करार वाचून हे धोके वेळीच मांडले होते. त्यात एलएनजी टर्मिनल, म्हणजे जहाजातून एलएनजी उतरवून पुन्हा वायू करायचं ठिकाण, तयार होईपर्यंत पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रव इंधनावर चालला. २००० मध्ये तेल भडकलं आणि दाभोळची वीज युनिटला सात रुपयांच्या वर गेली. ती महाग म्हणून मंडळ कमी घ्यायचं, कमी घेतली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जायचा आणि दर आणखी चढायचा.

मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं. राज्य सरकारनं नेमलेल्या माधव गोडबोले समितीनं त्याच वर्षी निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली, आणि जवळपास पूर्ण झालेला दुसरा टप्पा खाऱ्या वाऱ्यात गंजत पडला.

गुहागरच्या गावकऱ्यांचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. जमीन, पाणी आणि मासेमारी यांसाठी त्यांनी आंदोलनं केली. त्यांच्यावर झालेल्या पोलिसी कारवाईची नोंद आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी घेतली. विजेच्या दरावर इतकं लिहिलं गेलं, या माणसांवर त्या मानानं फार थोडं.

दाभोळ प्रकल्प आता चालू आहे का?

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल ही सरकारी गॅस कंपनी यांच्या पुढाकारानं नवी कंपनी झाली आणि २००६ पासून संच टप्प्याटप्प्यानं फिरू लागले. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्राचा गॅस आला तेव्हा दाभोळला पहिल्यांदाच बरे दिवस दिसले. पण त्या क्षेत्राचं उत्पादन अपेक्षेपेक्षा फार लवकर कोसळलं आणि २०१३ पर्यंत केंद्र पुन्हा ठप्प झालं. एकटं दाभोळच नव्हे, देशात १४,००० मेगावॉटहून अधिक गॅस केंद्रं देशी गॅसअभावी अडकली, हे संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीनं २०१९ मध्ये नोंदवलं.

२०१५ च्या अखेरीपासून काही वर्षं दाभोळनं रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट वीज दिली. दरम्यान देशी गॅस नसताना एलएनजीवरची क्षमता दाखवून स्थिर आकार मागता येतो का, यावर वीज मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणशी वाद पेटला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल महावितरणच्या विरोधात लागला. एलएनजी टर्मिनल वेगळ्या कंपनीकडे गेलं आहे आणि तिथे जहाजं येतात. तिथे उतरलेला गॅस दाभोळ-पनवेल आणि दाभोळ-बेंगळुरू वाहिन्यांतून पुढे जातो. वीज केंद्राला मात्र बारमाही गिऱ्हाईक नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारनं गॅस केंद्रांना वीज बनवायचा आदेश दिला होता, तो काय होता?

वीज कायद्याच्या कलम ११ खाली असामान्य परिस्थितीत सरकार केंद्रांना आपल्या निर्देशानुसार चालायला सांगू शकतं. १ मे ते ३० जून २०२४ या काळासाठी गॅस केंद्रांना असा आदेश दिला गेला. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटवर (अडीच लाख मेगावॉट) पोचली, तो तोवरचा उच्चांक होता. बंद पडलेली टर्बाइन आदेश निघाल्यावर लगेच फिरत नाही. माणसं, सुटे भाग, देखभाल हे सगळं वर्षभर राखावं लागतं. ते राखायचे पैसे कोण देणार, हे ठरलेलं नसतं आणि गाडी तिथेच अडते.

गॅस कोळशापेक्षा खरंच स्वच्छ आहे का?

धुराड्यापाशी, हो. आपल्याकडच्या कोळसा केंद्रातून युनिटमागे साधारण एक किलोच्या थोडा आत कार्बन डायऑक्साइड निघतो, कम्बाइंड सायकलमधून ४०० ग्रॅमच्या आसपास. राख नाही, गंधकाचा धूर जवळपास नाही. कोराडी-खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या माणसाला राख म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र निघतातच.

पण गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो न जळता गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. विहीर, वाहिनी, जहाज कुठेही गळती जास्त असेल तर वरचा फायदा झपाट्यानं घटतो. एलएनजी गोठवणं, वाहणं, पुन्हा वायू करणं यातही ऊर्जा जाते. म्हणून गॅसला हरित इंधन म्हणणं मला पटत नाही.

गोव्याचा याच्याशी काय संबंध?

गोव्याची स्वतःची मोठी निर्मिती नाही. बहुतेक वीज केंद्रीय प्रकल्पांच्या वाट्यातून येते आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या वाहिन्यांवरून पोचते. सांकवाळला ४८ मेगावॉटचं खाजगी केंद्र नाफ्थ्यावर चालायचं, ती वीज महाग पडायची.

माझ्या वीजबिलात गॅसचा खर्च दिसतो का?

वेगळा दिसत नाही. इंधन किंवा वीजखरेदी ठरल्यापेक्षा महाग पडली तर 'इंधन समायोजन आकार' या ओळीत तो फरक येतो, आणि त्यात कोळसा, गॅस, बाजारातली खरेदी सगळं एकत्र असतं. रोज कोणतं केंद्र आधी चालवायचं हे राज्य भार प्रेषण केंद्र इंधनखर्चाच्या चढत्या क्रमानं ठरवतं. म्हणून महाग गॅस सहसा शेवटी लागतो. केंद्र बंद असतानाही करारातला स्थिर आकार दरात शिरलेला असतो, हे मात्र ग्राहकांना क्वचितच सांगितलं जातं.

बॅटऱ्या आणि उदंचन प्रकल्प आले की गॅसची गरज संपेल?

संध्याकाळच्या दोन-चार तासांची बरीचशी संपेल. उदंचनात दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प चालू आहे, आणि भिवपुरी व शिरवटा इथे मिळून २,८०० मेगावॉटसाठी टाटा पॉवरनं २०२३ मध्ये राज्याशी सामंजस्य करार केला. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांचा असा उपयोग दुसऱ्या राज्यांना सहज जमणार नाही.

आठवडाभर ढग, वारा नाही, कोळसा ओला, असे दिवस आले तर चार तासांची बॅटरी पुरत नाही. त्या दिवसांसाठी काहीतरी राखीव लागेल.

मग महाराष्ट्रानं नवी गॅस केंद्रं उभारावीत का?

माझं उत्तर स्पष्ट आहे : नाही. आहे ती क्षमताच गॅसवाचून पडून असताना नवं लोखंड उभं करण्यात अर्थ नाही. उरणच्या जुन्या टर्बाइनची नीट देखभाल करावी किंवा त्याच जागी अधिक कार्यक्षम यंत्रं बसवावीत. ट्रॉम्बेचा संच मुंबईच्या आयलँडिंग योजनेचा भाग म्हणून सज्ज ठेवावा. दाभोळशी मार्च ते जून आणि ऑक्टोबर एवढ्याच काळापुरता करार व्हावा : मोजके तास, भाव आधी ठरलेला, आणि गॅस न मिळाल्यास स्थिर आकारही नाही. तो करार सही होण्याआधी विद्युत नियामक आयोगापुढे खुल्या सुनावणीला यावा, आणि त्याचा मराठी मसुदा गुहागरच्या लोकांनाही वाचायला मिळावा.